शिवताना मध्येच उठायचं झालं, तर मशीन बंद करायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या शिवणवर्गात हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. गणपती झाले की तो रोजच येतो, कारण तेव्हा बडोद्यात ज्या घरात मशीन आहे त्या घरात चनिया-चोळीच्या ऑर्डरी असतात आणि उठबस न करता शिवणं कुणालाच जमत नाही. वर्गातल्या मुलींचे, जुन्या विद्यार्थिनींचे आणि दोन-चार मशीन टाकून छोटा कारखाना चालवणाऱ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

चहाला उठले तर बटण बंद करू की राहू दे? एका वाक्यात सांगा.

खुर्चीतून उठलात की बंद.

बसूनच राहणार असाल, धागा कापायचा आहे, टाचण्या काढायच्या आहेत किंवा फोन घ्यायचा आहे, तर पॅडलवरून पाय बाजूला घेतला तरी चालेल. पण सुईच्या आसपास बोटं जाणार असतील तर बसल्या जागीसुद्धा बंद. सुईत दोरा ओवणं, सुई बदलणं, फूट बदलणं, बॉबीन काढणं, दात्यांमधला कचरा साफ करणं हे सगळं त्यात आलं. घरगुती मशीनच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानांवर हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका सहसा मशीनच्या खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून असते, ही गोष्ट वेगळी.

पाय काढला की मशीन थांबतेच. मग बंद करण्यात विशेष काय?

थांबलेली मशीन आणि बंद मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबलेल्या मशीनचं पॅडल जमिनीवर तसंच जिवंत असतं, आणि त्याला पाय कुणाचा आहे ते कळत नाही. रांगतं मूल, मांजर, मागे सरकवलेल्या खुर्चीचा पाय, यांतलं काहीही त्यावर येऊ शकतं. नवरात्रात सगळ्यात जास्त वेळा येतो तो चनियाचा घेर. आठ-दहा मीटरचा घेर, त्यावर गोटा, लेस आणि आभले. एवढं वजन टेबलावरून घसरून खाली आलं तर थेट पॅडलवर बसतं.

मग दोनपैकी एक होतं. मशीन चालू लागते. साधी घरगुती मशीन जोरात चालली तर सेकंदाला दहाच्या वर टाके घालते, म्हणजे हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. वजन कमी असल्याने पॅडल अर्धवटच दाबलं जातं किंवा सुईखाली कापड अडकलेलं असतं. मोटरला वीज मिळते, पण ती फिरत नाही, नुसती घुं घुं करत राहते. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच वीज आटोक्यात ठेवते. अडकलेली मोटर जास्त वीज ओढते आणि तिचा पंखाही फिरत नाही, त्यामुळे आतली तार तापत जाते. तुम्ही स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, घुं घुं ऐकू येणार नाही. जळका वास येईपर्यंत मोटर गेलेली असते.

सासूबाई म्हणतात, सारखं बंद-चालू केलं की मोटर जळते. खरं आहे का?

घरगुती मशीनच्या बाबतीत नाही. एक ब्लाउज शिवताना तुम्ही पॅडलने मोटर कितीतरी वेळा थांबवता आणि सुरू करता. तिची घडणच त्यासाठी असते. पाय पॅडलवर नसताना भिंतीवरचं बटण दाबलं, तर मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्या क्षणी तिच्यातून वीज जातच नसते.

सासूबाईंचं म्हणणं ट्यूबलाईटच्या जमान्यातलं असावं. जुन्या ट्यूबचं आयुष्य सारख्या बंद-चालूने खरोखरच कमी होत असे. तो नियम मग घरातल्या प्रत्येक बटणाला लागला.

क्रम मात्र पाळा. बंद करताना आधी पाय काढायचा, मग बटण. चालू करताना आधी बटण, मग पाय. पाय दाबलेला ठेवून बटण बंद केलं की बटणाच्या आत ठिणगी पडते आणि काही महिन्यांत ते बटण सैल होतं.

माझी जुनी काळी पायमशीन आहे, मोटर नंतर बसवून घेतली. तिच्यावर बटणच नाही. मग काय बंद करायचं?

भिंतीवरचं बटण. मशीनला दिवा असेल तर त्याचं छोटं बटण फक्त दिव्याचं असतं. दिवा गेला म्हणजे मोटर बंद झाली, असा अनेकींचा समज आहे.

अशा मशीनसाठी बोर्ड कुठे आहे याला फार महत्त्व आहे. बटण पाठीमागे, कपाटाआड असेल तर कुणीच उठून बंद करणार नाही, हे मी आधीच सांगते. बसल्या जागी उजवा हात पोचेल असा पॉइंट काढून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा तर तो टेबलाच्या पायाला स्क्रूने बसवा, जमिनीवर पॅडलशेजारी ठेवू नका.

आणखी एक तपासून घ्या. जुन्या घरांत, वाड्यांत तर हमखास, बटण फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) न बसवता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं सापडतं. मग बटण बंद असलं तरी मशीनपर्यंत फेज आलेलीच असते. मशीन थांबते, पण तिच्या वायरला हात लागला तर झटका बसतो. वायरमनला टेस्टर घेऊन बोलवा, काम पाच मिनिटांचं आहे. त्याच वेळी अर्थिंगही पाहून घ्या. काळ्या मशीनचं अंग लोखंडी असतं आणि आपण तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसतो, तेव्हा दोन पिनांच्या प्लगवर ती चालवायची नाही. ज्या गावात १८९० साली कलाभवन निघालं आणि कारागिरीचं शिक्षण दिलं गेलं, तिथे अजूनही अर्थिंगची वायर कापून दोन पिनांत काम भागवलं जातं याचं मला नवल वाटतं.

जोवर हे झालेलं नाही, तोवर मशीन उघडायची असेल तर नुसत्या बटणावर विसंबू नका, प्लगच काढा.

माझी कॉम्प्युटर मशीन आहे. बंद केली की टाक्याचं सगळं सेटिंग जातं. तरी बंद करू?

दोन मिनिटांसाठी नको. जेवायला जात असाल तर हो.

बहुतेक मॉडेल पुन्हा चालू केल्यावर साध्या सरळ टाक्यावर परत येतात. तुम्ही ठरवलेली टाक्याची लांबी-रुंदी पुसली जाते. उपाय साधा आहे. टाक्याचा नंबर, लांबी, रुंदी आणि टेन्शन एका चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. बाही आणि गळा वेगवेगळ्या दिवशी शिवले तरी टाका एकसारखा येतो, हा वरचा फायदा.

बंद करताना आधी मशीनवरचं बटण, मग भिंतीवरचं. थेट प्लग ओढायचा नाही. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, थोडे सेकंद जाऊ द्या. चालू होताना आतून टकटक आवाज येतो, तेव्हा मशीन सुईची जागा नीट करून घेत असते. त्या वेळी हात दूर.

या मशीनला सुरू-बंद करायचं हिरवं बटण पुढेच असेल तर पॅडलसुद्धा लागत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या नजरेसमोर असलेलं चमकतं बटण ते दाबल्याशिवाय राहील का? घरात लहान मूल असेल तर कॉम्प्युटर मशीनसाठी ‘दोन मिनिटं चालतील’ ही सवलत मी देत नाही.

एम्ब्रॉयडरी अर्ध्यावर आहे आणि उठायचं आहे. बंद केली तर डिझाइन बिघडेल?

हे मॉडेलवर आहे. बऱ्याच नव्या मशीन कुठे थांबलो ते लक्षात ठेवतात आणि चालू केल्यावर तिथूनच पुढे जायचं का असं विचारतात. जुन्या मशीन विसरतात. बंद करण्यापूर्वी पडद्यावरचा टाक्याचा आकडा आणि रंगाचा क्रम लिहून घ्या आणि फ्रेममधून कापड अजिबात काढू नका. कापड एकदा निघालं की ते पुन्हा त्याच जागी बसवणं जवळपास अशक्य असतं, मग आकडा लिहिलेला असूनही उपयोग नाही.

चालू एम्ब्रॉयडरी सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. दोरा तुटला, कापड फ्रेमखाली दुमडलं, तर ते बघायला कुणीतरी हवं.

माझ्याकडे चार जुकी आहेत, कारागीर चहाला गेले तरी मोटर घूं करत राहते. तेवढ्याने काय बिघडतं?

इथे प्रश्न पूर्ण बदलतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे कुठल्याही कारखान्याच्या मशीनला जुकी म्हणतात, कंपनी कोणतीही असो. महत्त्वाचं आहे ते टेबलाखाली मोटर कोणती आहे.

जुन्या टेबलांना क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती पूर्ण वेगाने फिरायला लागते, मिनिटाला साधारण १,४४० किंवा २,८५० फेरे, आणि बटण बंद करेपर्यंत फिरतच राहते. कारागीर पॅडल दाबतो तेव्हा क्लच लागतो आणि तो वेग पट्ट्याने मशीनला मिळतो. पाय काढला की मशीन थांबते, मोटर थांबत नाही. सिग्नलला रिक्षावाला इंजिन चालू ठेवून उभा असतो, तसं. पेट्रोल जळतंय, रिक्षा जागेवर.

नव्या टेबलांना सर्वो मोटर असते. ती पाय दाबल्यावरच फिरते. पाय काढला की शांत. नुसत्या कंट्रोल बॉक्सला थोडी वीज लागते. ओळखायचं कसं? बटण चालू करा आणि पॅडलला हात लावू नका. सतत घुमल्याचा आवाज आला तर क्लच, आला नाही तर सर्वो. पिको-फॉल आणि ओव्हरलॉकच्या जुन्या टेबलांनाही बहुधा क्लच मोटरच सापडते.

क्लच मोटर असेल तर चहा, जेवण, मालाची वाट पाहणं, प्रत्येक वेळी बंद. दर दोन मिनिटांनी करू नका. ही मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट वीज ओढते आणि पुन्हा पुन्हा तसं केलं तर ती तापते. पण दिवसातून आठ-दहा वेळा बंद-चालू केल्याने तिला काही होत नाही.

आता यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. क्लच मोटरचं बटण बंद केल्यावरही ती काही वेळ आपल्या वेगात फिरत राहते. त्या वेळात पॅडलवर पाय पडला तर बंद असलेल्या मशीनची सुईसुद्धा खाली येते. नवा कारागीर बटण बंद करतो, लगेच सुई बदलायला बोट घालतो आणि पाय असतो पॅडलवरच. म्हणून बटण बंद, आवाज पूर्ण थांबू द्यायचा, हात लांब ठेवून पॅडल एकदा दाबून पाहायचं, सुई हलली नाही तरच बोट न्यायचं. माझ्या मते हे मशीनसमोर भिंतीवर लिहून ठेवावं, आणि हिंदीत व गुजरातीतही लिहावं, कारण ते वाचायला हवं कारागिरांनी.

सर्वोच्या बाबतीत धोका आहे तो कंट्रोल बॉक्समध्ये. बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तो बॉक्स उघडायचा असेल तर बंद करून, प्लग काढून किमान पाच मिनिटं थांबायचं. खरं तर तो आपण उघडायचाच नाही, मिस्त्रीचं काम आहे.

बंद ठेवल्याने बिलात किती फरक पडतो?

आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून हिशोब दोन महिन्यांचाच करू. कामाचे ५० दिवस आणि रोज दोन तास मशीन नुसती उभी, असं धरा.

घरगुती मशीनची मोटर पाय काढल्यावर जवळपास काहीच खात नाही. उरतो दिवा. जुना पिवळा १५ वॅटचा दिवा असेल तर १५ गुणिले १०० तास, म्हणजे दीड युनिट. एलईडी असेल तर पाव युनिटही नाही. कॉम्प्युटर मशीन उभ्या उभ्या १० वॅट घेते असं धरलं तर एक युनिट. म्हणजे घरगुती मशीन बंद ठेवून बिल कमी होईल ही आशा सोडा.

क्लच मोटर रिकामी फिरताना १५० वॅट घेते असं धरू. शंभर तासांचे झाले १५ युनिट, चार मशीनचे ६०. हे तुमच्या दराने गुणून पाहा, आणि दुकानाचं मीटर असेल तर दुकानाच्या दराने. सर्वो मोटरचे पैसे किती दिवसांत सुटतील, हा पुढचा हिशोब त्यातूनच निघतो. त्यात शिवतानाची बचतही धरायला विसरू नका, कारण कारागीर दिवसभर शिवत असला तरी सुई प्रत्यक्षात चालते ती निम्म्याहून कमी वेळ. बाकी वेळ तो कापड जुळवत असतो आणि क्लच मोटर तेव्हाही फिरत असते.

मोटर हाताला चटका देते. किती वेळ विश्रांती द्यावी?

कोमट लागली तर काळजी नाही. हात टेकवून ठेवता येत नसेल तर थांबा, बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. त्या वेळात तिच्यावर कव्हर घालू नका, कापडाचे तुकडे टाकू नका, झरोके मोकळे राहू देत.

विश्रांतीनंतरही थोड्याच वेळात पुन्हा तशीच तापत असेल तर दोष दुसरीकडे आहे. पट्टा फार ताणलेला असतो, मशीनला तेल नसतं, शटलमध्ये दोरा गुंतलेला असतो किंवा मोटरचा कार्बन (आत वीज पोचवणारा, झिजत जाणारा तुकडा) संपत आलेला असतो. झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन पाहा. स्वस्त भाग आहे, वेळेवर बदलला तर मोटर वाचते.

पॅडलही तापतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. जुन्या पद्धतीच्या पॅडलमध्ये वेग कमी ठेवण्यासाठी उरलेली वीज उष्णता होऊन जाते. आभल्यांवरून जपून, हळूहळू, अर्धा-अर्धा तास शिवलं की पॅडल मोटरपेक्षा गरम होतं. सतरंजीवर ठेवलेलं असेल तर आणखीच. फरशीवर ठेवा.

शिवताना लाईट गेली तर?

पाय काढा, बटण बंद करा, मग मेणबत्ती शोधा. याच क्रमाने. पाय पॅडलवर राहिला आणि लाईट अचानक आली तर साधी मशीन त्याच क्षणी धावते. कॉम्प्युटर मशीनला बहुधा यासाठी अडसर असतो, पण लाईट येताना व्होल्टेज वर-खाली होतं आणि त्यात तिचा बोर्ड जाऊ शकतो. आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून चालू करा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत, पतंग आणि मांजा तारांत अडकून लाईट जात-येत असते, तेव्हा मी तर कॉम्प्युटर मशीनचा प्लगच काढून ठेवते. तसंही त्या दिवशी कोण शिवतंय?

इन्व्हर्टरवर चालवली तर चालेल?

साधी मशीन चालते, आवाज बदलतो. कॉम्प्युटर मशीनला प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाईटसारखी सुरळीत वीज देणारा, इन्व्हर्टर हवा.

उठताना सुई वर ठेवायची की कापडात?

बसल्या जागी थांबत असाल तर सुई कापडात, म्हणजे ओळ हलत नाही. उठत असाल तर वर. घेर टेबलावरून लोंबत असतो. त्याच्या ओढीने खाली रुतलेली सुई वाकते आणि आल्यावर पहिल्याच टाक्याला सुईपट्टीवर आपटून तुटते.

काम संपवून उठताना फुटाखाली सुती चिंधी घालून फूट खाली सोडा. रात्रभरात ओघळलेलं तेल ती चिंधी पिते आणि सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या रेशमी ब्लाउजवर डाग पडत नाही.

रात्री प्लगही काढायचा का?

साध्या मशीनला भिंतीवरचं बटण पुरे, ते फेजवर असेल तर. कॉम्प्युटर मशीन आणि सर्वोचा प्लग काढलेला बरा, आणि विजा कडाडत असतील तर दिवसाही. प्लग धरून काढायचा, वायर ओढून नाही.

आम्ही मशीन आठवणीने बंद करतो, पण इस्त्री राहते!

मग आधी इस्त्रीचं बघा. हजार वॅटची इस्त्री तापत असताना दहा मिनिटांत जेवढी वीज घेते, तेवढ्यात मशीनचा पिवळा दिवा अकरा तास जळेल. आणि दिव्याने घर पेटत नाही. मशीन आणि इस्त्री एकाच बोर्डवर घ्या, त्यावर लाल दिवा असलेलं एक मुख्य बटण बसवा. उठताना ते एकच बंद करायचं. लाल दिवा दारातून दिसला पाहिजे.

पुराच्या पाण्यात मशीन बुडाली होती. वाळल्यावर चालू करून बघू का?

नको. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर हा प्रश्न फार आला. बाहेरून वाळलेली मोटर आतून ओली असते, आणि पाण्यासोबत आलेला गाळ तारांमध्ये बसलेला असतो. ‘बघू तरी चालते का’ म्हणून बटण दाबलं की वाचणारी मोटरही जाते, वर झटक्याचा धोका.

मशीनचं डोकं बहुतेकदा वाचतं. मिस्त्री ते खोलून धुतो, पुसतो, तेल देतो. जितक्या लवकर न्याल तितका गंज कमी. मोटर वेगळी काढून वाळवायची, मेगर (तारांचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणारं यंत्र) लावून तपासायची, मगच वीज द्यायची. पॅडल दुरुस्त करत बसू नका, नवं घ्या. कॉम्प्युटर मशीनचा बोर्ड बुडाला असेल तर खर्च आधी विचारा, कधीकधी दुरुस्ती नव्या मशीनच्या जवळ जाते. ज्या बोर्डात प्लग होता तो बोर्डही उघडून पाहायला सांगा, गाळ तिथेही असतो.

पाणी वाढतंय अशी बातमी आली की प्लग काढून मशीन पलंगावर चढवा. पायमशीन उचलवत नसेल तर निदान मोटर सोडवून घ्या, ती एक-दोन स्क्रूंवर असते. आणि पॅडल सगळ्यात आधी उचला, ते जमिनीवर असतं.